सातव्या घरातला मंगळ

काही प्रकरणांची फाईल बंद होते, तरी ती डोक्यातून जात नाहीत. जळगावातले हे प्रकरण त्यातले आहे. यात रक्त सांडले नाही की कुणाच्या घराचे कुलूप तुटले नाही. तरीही मी तपासलेल्या कित्येक खुनांपेक्षा ते मला लख्ख आठवते.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध. मी शहरातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होते. एका सकाळी हजेरी संपत असताना पुण्याचे एक गृहस्थ आले. जन्मपत्रिका काढणारा कम्प्युटर प्रोग्रॅम त्यांनी स्वतः तयार केला होता आणि त्याच्या डिस्क ते विकत असत. जळगावात त्यांनी एकही डिस्क विकलेली नव्हती. आणि इथे बस स्टँडजवळच्या एका दुकानावर ‘कम्प्युटर पत्रिका – चहा होईपर्यंत तयार’ अशी पाटी लागली होती. खबर त्यांच्या मेहुण्याने दिली होती.

आमच्या जुन्या हवालदारांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “साहेब, तुमची डिस्क कुठे आहे?”

“ही काय, माझ्याजवळ.”

“मग चोरीला काय गेलं?”

गृहस्थ लाल झाले. “माझी अक्कल गेली चोरीला, अक्कल!”

“त्याची फिर्याद कशी लिहायची, मॅडम?” हवालदार माझ्याकडे वळून म्हणाले. मी त्यांना चहा सांगायला पाठवले आणि कपाटातून कायद्याचे पुस्तक काढले. कॉपीराइट कायदा त्याच सुमारास कडक झाला होता. उपनिरीक्षकाला वॉरंटशिवाय नकला जप्त करता येत होत्या. धंद्यासाठी नक्कल केली तर किमान सहा महिने कैद होती. तोवर आम्ही त्या कायद्याखाली फक्त व्हिडिओ कॅसेटवाले धरले होते.

दोन पंच घेऊन दुपारी छापा टाकला. दुकान म्हणजे झेरॉक्सवाल्याच्या बाजूची अरुंद खोली होती. मालक चोपड्याकडचा, केळी पिकवणाऱ्या घरातला तिशीच्या आतला तरुण. आम्हाला पाहून तो उठला आणि सवयीने म्हणाला, “या ताई, जन्मवेळ सांगा.” मागून हवालदार आत आल्यावर त्याचा चेहरा उतरला.

कम्प्युटर, प्रिंटर, फ्लॉप्या आणि टेबलावरच्या छापील पत्रिकांचा गठ्ठा आम्ही जप्त केला. फ्लॉपीच्या पाकिटावर लाखेचे सील करायला हवालदारांनी मेणबत्ती पेटवली, तेव्हा पुण्याचे गृहस्थ ओरडले, “अहो, उष्णता लागली तर सगळं पुसलं जाईल!” शेवटी फ्लॉप्या बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या आणि डब्याला सुतळी बांधून गाठीवर सील केले.

चौकशीत तरुणाने काहीही लपवले नाही. डिस्क एका मित्राने सुरतेहून आणली होती, याने तिची नक्कल करून घेतली.

“मॅडम, गावात ज्याच्याकडे कम्प्युटर आहे त्याला विचारा. एकाकडे तरी विकतची डिस्क आहे का? टेपवाले गाणी भरून देतात, त्यांना कोणी धरतं?”

“त्यांचं त्यांच्याबरोबर. तुझं सांग.”

“किती होईल?”

“दोषी ठरलास तर कमीत कमी सहा महिने.”

मग तो म्हणाला, “आणि पाकीट मारलं असतं तर?”

मी जबाब पुढे लिहीत राहिले. पाकीटमारीला किमान शिक्षा नाही. पहिलाच गुन्हा असेल तर कित्येकदा न्यायाधीश चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडून देतात. हे मला माहीत होते आणि त्यालाही कुठूनतरी कळले असावे.

आता प्रश्न पुराव्याचा होता. दोन्ही डिस्क एकच आहेत हे कोर्टात सिद्ध करावे लागणार होते. पुण्याचे गृहस्थ “ते माझ्यावर सोडा” एवढेच म्हणत. दुसऱ्या दिवशी मी जप्त पत्रिकांवर पंचांच्या सह्यांच्या चिठ्ठ्या लावत बसले होते. मला पत्रिका वाचता येत नाही आणि त्यावर विश्वासही नाही. म्हणून मी ती नुसती आकृती म्हणून पाहत होते. बोटांचे ठसे पाहून पाहून नजरेला ती सवय लागते. खालच्या मधल्या घरात ‘मं’ होता. पुढच्या पत्रिकेतही तिथेच. त्याच्या पुढच्याही. माणसे निराळी, जन्मतारखा निराळ्या, पण मंगळ सगळ्यांचा एकाच जागी, सातव्या घरात.

मी गृहस्थांना बोलावले. त्यांच्यासमोर आणि पंचांसमोर डबा उघडून मशीन सुरू केले आणि हवालदारांची जन्मवेळ घातली. कागद बाहेर आला. खाली ‘मं’.

हवालदार आजोबा झालेले होते. कागद पाहून म्हणाले, “म्हणजे मी मंगळी? एवढी वर्षं संसार केला, आता घरी जाऊन सांगू का बायकोला?”

सगळे हसले. गृहस्थही हसले आणि म्हणाले, “हाच माझा सापळा. अस्सल डिस्कवर पत्रिका बरोबर येते. नक्कल केली की पहिल्या काही पत्रिका ठीक येतात, मग मंगळ सातव्या घरात जाऊन बसतो. चोर आपोआप उघडा पडतो.”

“पण ज्यांनी या पत्रिका नेल्या, त्यांचं काय?”

“ज्योतिष जाणणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येईल.”

“याला ज्योतिष येत नाही. घेणाऱ्यांनाही येत नाही. म्हणून तर ते कम्प्युटरकडे आले.”

“त्याला मी काय करणार? चोरीचा माल घ्यावा कशाला?”

पुरावा मिळाला होता. पण माझे हसू तेव्हाच थांबले.

छाप्याची बातमी वर्तमानपत्रात आली आणि दोन दिवसांनी धरणगावकडचे एक शेतकरी ठाण्यात आले. धोतर, टोपी, हातात घडी करून करून फाटायला आलेला कागद. सोबत मुलगी होती, डी.एड. झालेली.

“मॅडम, हाई देखा,” ते म्हणाले. “मनी पोरनी पत्रिका शे. पाचोराले सुपारी फुटनी व्हती. मंग नवरदेवना काकानी हाई काढी आनी, आन् लगीन मोडनं. आते बठ्ठा गावमा तिले मंगळी म्हनतस.”

मी कागद पाहिला. दुकान तेच होते आणि मंगळही तिथेच होता.

“घरच्या गुरुजींनी काय सांगितलं होतं?” मी विचारले.

उत्तर मुलीने दिले. “मंगळ नाही म्हणाले होते. पण पाचोऱ्याची माणसं म्हणाली, गुरुजी चुकतो, मशीन चुकत नाही. नंतर दोन स्थळं आली. दोघांनी गावात चौकशी केली आणि परत फिरले.”

“हाई खोटं शे, इतलंच लिखी द्या,” वडील म्हणाले. “ठाणाना शिक्का मारी द्या.”

“आबा, पत्रिका खरी की खोटी हे लिहून देण्याचा अधिकार पोलिसांना नाही.”

“मंग कोनले शे?”

माझ्या हातात होते तेवढे मी केले. सापळ्याची हकीकत गृहस्थांच्या पुरवणी जबाबात घेतली. “हे धंद्यातलं गुपित आहे, नोंदवू नका,” ते म्हणत होते. मी म्हटले, “तुमची केस याच पुराव्यावर उभी आहे. नोंदवावंच लागेल.” मुलीच्या वडिलांचे नाव साक्षीदारांच्या यादीत घातले. सरकारी वकिलांनी ते खोडले. “नुकसान पुण्याच्या माणसाचं झालंय. हे कोण?”

जामिनावर सुटलेला तरुण हजेरीला येत असे. ठाण्याच्या व्हरांड्यात एकदा त्याची त्या बापलेकींशी गाठ पडली आणि सगळे त्याला कळले. पुढच्या हजेरीला तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

“मॅडम, वकील म्हणतात गुन्हा कबूल कर, दया माग. मी कबूल केलं तर ते पुण्याचे साहेब मंगळाचं कोर्टात बोलणारच नाहीत ना?”

“नाही. साक्षीच होणार नाहीत.”

“मग नाही करत कबूल.”

खटला उभा राहिला. त्याच्या वकिलांनी मोठा डाव टाकला: खरी डिस्क बरोबर पत्रिका देते, ही चुकीची देते, मग ही तिची नक्कल कशी? कोर्टात हशा पिकला. त्याला उत्तर देण्यासाठी गृहस्थांना पिंजऱ्यात उभे राहून, शपथेवर, मोठ्याने सांगावे लागले की नक्कल केलेल्या डिस्कवर प्रत्येकाचा मंगळ सातव्या घरातच येतो आणि तो त्यांनीच तिथे बसवला आहे. मागच्या बाकावरून मुलीच्या वडिलांनी ते ऐकले. त्या साक्षीची प्रत त्यांनी रीतसर अर्ज करून मिळवली आणि पुढच्या स्थळाला दाखवली. त्या घरच्यांनी ती पूर्ण वाचली आणि ते म्हणाले, “कोर्टाचं ठीक आहे. पण मनात शंका राहते.” पाचोऱ्याच्या मुलाचे लग्न तोवर होऊनही गेले होते.

तरुणाला सहा महिने लागले. त्याहून कमी देता येत नाही, असे न्यायाधीशांनी निकाल वाचताना सांगितले. बाहेर पायऱ्यांवर त्याने मुलीला हात जोडले. “ताई, मला ठाऊक नव्हतं.”

“ठाऊक नव्हतं, तेच तू विकत होतास,” ती म्हणाली.

त्याला घेऊन शिपाई पुढे गेले. मग तिने मला विचारले, “मॅडम, शिक्षा बरोबर झाली?”

“कायद्याप्रमाणे झाली.”

“मी ते विचारलं नव्हतं.”

या प्रकरणाने मला काय शिकवले, तर शिक्षेचे माप कायदा कुणाच्या बाजूने घेतो ते आधी पाहावे. नक्कल करणे गुन्हाच आहे. दुसऱ्याच्या कष्टावर दुकान चालवणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. सहा महिने मात्र मला तेव्हाही जास्त वाटले, आजही वाटतात. पाकीटमाराच्या बाबतीत न्यायाधीश विचार करू शकतो, याच्या बाबतीत त्याचे हात बांधलेले होते. आणखीही एक गोष्ट आहे. आमच्याकडे केळीच्या बागेला विजेची तार लावणारे शेतकरी असतात. त्या तारेला चिकटून कुणी दगावले, तर आम्ही शेतकऱ्यावर गुन्हा दाखल करतो. मेलेला माणूस चोरी करायला आला होता, हा बचाव तिथे चालत नाही. इथे तार लावणारा फिर्यादी होता आणि तिला चिकटलेली मुलगी तर चोरही नव्हती. तिच्यासाठी मी कायद्याची पुस्तके पुन्हा पुन्हा चाळली. एकही कलम सापडले नाही.

पुण्याचे गृहस्थ निकालाच्या दिवशी माझे आभार मानून संध्याकाळच्या गाडीने गेले. निकालपत्राची प्रत ठाण्यात आली, तेव्हा मी ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. नुकसान झालेली व्यक्ती म्हणून त्यात एकच नाव होते, आणि ते तिचे नव्हते.