हिला सुई लागत नाही

घरातल्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगायची मला भारी हौस. ही एक मात्र कोणाला कधी सांगितली नाही. बायकोला कळली — तीही मी सांगितली म्हणून नव्हे, जीभ घसरली म्हणून.

अकोल्याला मेहुण्याकडे जेवणं आटोपली होती. हिच्या ऑपरेशनाची माझी ठरलेली गोष्ट रंगात आली होती — आतड्याला पीळ पडला, दर्यापुराहून अमरावतीला नेलं, पोट फाडलं, दुखणं थांबवायच्या सुईला डॉक्टरांची मनाई, तरी बाईनं हूं की चूं केलं नाही! मेहुणा हसला.

"भाऊजी, उगाच काहून चढवता? आमची आक्का काटा रुतला तरी गल्ली गोळा करे!"

मला आला चेव. म्हटलं, "अरे, डॉक्टर सुई भरून उभे होते! मीच म्हटलं, हिला लागत नाही."

सुपारी कातरता कातरता हिचा अडकित्ता थांबला.

आता खरं काय ते. डॉक्टर भले होते. आधीच म्हणाले होते — या सुईनं आतडं सुस्तावतं, म्हणून जपून देऊ. पण सोसवेना तर सांगा, लगेच देऊ. मग कंपाउंडरकडून कळलं, औषध अफूचं. झालं! माझे वडील अफूपायी गेले. सारी आळी मला अफीमच्याचा पोरगा म्हणे. त्यात आता बायकोचं नाव? — म्हणजे मला काळजी तिची होती की माझ्या नावाची? तुम्ही ओळखलंच असेल.

डॉक्टर सुई भरून आले तेव्हा ती ग्लानीत होती. मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. ती शुद्धीवर आल्यावर सांगितलं, डॉक्टर नको म्हणतात.

खोकला आला की ती उशी पोटाशी आवळून धरी. वारा सरावा म्हणून नर्स तिला भिंतीच्या आधारानं चालवी; प्यायला पाणी नाही, नुसता ओठांना ओला कापूस. एकदा म्हणाली, "अवो, डॉक्टरले अजून एक डाव इचारून पाहा ना."

मी उठलो. गेलो — काय सांगू — गेलो तो फाटकाबाहेरच्या टपरीवर. चहा प्यालो. चहा चांगला होता, तेही आठवतं. परत येऊन म्हटलं, "विचारलं. नाहीच म्हणतात."

तिनं मान हलवली. खोटं का वाटावं तिला?

अकोल्याहून परतताना मोटार मूर्तिजापुरात शिरली. मग खिडकीबाहेर बघतच तिनं विचारलं, "त्या दिवशी तुमी डॉक्टरकडे गेलेच नव्हते?"

"नाही."

ती म्हणाली, "तुमचा हात धरून मी त्या डॉक्टरले शिव्या देऊन राहिली होती."