दुसऱ्याची पिन

एम्ब्रेट माझा शेजारी आहे आणि मला तो आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्याच्याबद्दल चार बऱ्या गोष्टी सांगाव्या लागल्या, तर त्या नाइलाजाने सांगितल्या हे ध्यानात राहील.

आम्ही दोघे याच खोऱ्यात जन्मलो, एकाच शाळेत गेलो. त्याने लग्न केलं नाही. आई एक्याण्णव वर्षांची होऊन गेली, तोवर तिचं सगळं त्यानेच केलं. बावीस वर्षं तो वीज कंपनीसाठी घरोघरचे मीटर वाचत फिरायचा, हिवाळ्यात स्कीवरून. पुढे मीटर आपलं आपण वाचायला लागले आणि एम्ब्रेट घरी बसला. मग त्याला त्युनसेटच्या इस्पितळात भांडारात काम मिळालं. त्युनसेट इथून अठ्ठावन्न किलोमीटर. म्हणून त्याने गाडी घेतली, विजेवरची. त्यात नवल काही नाही, गावातल्या निम्म्याहून अधिक गाड्या आता विजेच्याच आहेत. पण याने घेतली ती जुनी, दुसऱ्याने वापरून टाकलेली. कागदावर अडीचशे किलोमीटर जाणारी, आणि हिवाळ्यात जेमतेम सव्वाशे.

त्या सव्वाशेत हा माणूस सुखी होता. सत्तरच्या वर वेग नाही, मागे दहा गाड्यांची वरात. सीटवर मेंढीचं कातडं, अंगात लोकरीवर लोकर, मागे फावडं, घोंगडी, मेणबत्त्या. गाडीतला हीटर तो असा जपून लावायचा की जणू आईचं चांदीचं भांडं काढतोय. मी हसायचो. अगदी पोटभर हसायचो. त्याच्या भिंतीवर चार्जरची पेटी मीच बसवून दिली होती, तेव्हाही म्हटलं होतं, “एम्ब्रेट, जानेवारीत ही तुला माळावर सोडून देईल बघ.”

तो म्हणाला, “बघू या.” तो नेहमी एवढंच बोलतो.

मी वीजतंत्री. गुडघा गेला म्हणून तीन वर्षांपूर्वी थांबलो. या खोऱ्यात गाडीचं इंजिन रात्रभर ऊबदार ठेवायला प्रत्येक घराबाहेर प्लग असतो, आणि त्यातले निम्मे माझ्या हातचे. आमच्याकडे माणसं एकमेकांच्या जमिनीचा बांध सरकवतील, एकमेकांच्या नद्यांतले मासे पळवतील, पण थंडीत दुसऱ्याच्या गाडीची पिन कुणी काढत नाही. तसं करणाऱ्या माणसाशी कुणी बोलायचंसुद्धा नाही. हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

माझी बायको यूरुन त्याच इस्पितळात लोकांचं रक्त काढते. एकतीस हिवाळे मी पाचला उठलो. इंजिनाची पिन आदल्या संध्याकाळी लावलेली, पहाटे काचांवरचा बर्फ खरवडायचा, गाडी चालू करायची, आत ऊब धरली की तिला हाक मारायची. उणे तीसमध्ये नाकातले केस चिकटतात, बोटं गेलीत की आहेत ते कळत नाही. पण ती बाहेर यायची, माझ्या शेजारी ऊबदार सीटवर बसायची आणि म्हणायची, “वा!” त्या एका ‘वा’साठी मी एकतीस वर्षं उठलो, असं मी समजत होतो.

नोव्हेंबरात घात झाला. टाकीत उन्हाळी डिझेल राहून गेलं होतं. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. पहिल्याच कडाक्यात डिझेल गोठून घट्ट झालं आणि गाडी ढिम्म हलेना. तिकडे उपाशीपोटी रांगेत बसलेली माणसं यूरुनची वाट बघत होती. कुंपणापलीकडून एम्ब्रेट म्हणाला, “माझ्या गाडीत जागा आहे.”

दुसऱ्या दिवशीही ती त्याच्याबरोबर गेली. तिसऱ्या दिवशी माझी गाडी सुरू झाली, तरी ती त्याच्याबरोबरच गेली. “दोघं एकाच ठिकाणी जातो, दोन गाड्या कशाला?” म्हणाली.

तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर त्युनसेटला औषध नव्हतं. मी अंथरुणात पडून राहायचो, डोळे मिटून, जागा. खाली यूरुनच्या कपाचा आवाज व्हायचा. पाच चाळीसला पलीकडे अंगणात गाडी आपोआप जागी व्हायची. त्याने तिला वेळ लावून ठेवलेली असायची, चार्जरच्या विजेवर ती आतून गरम व्हायची, काचांवरचा बर्फ ओघळायचा, आणि एम्ब्रेट त्या वेळी आपल्या स्वयंपाकघरात पावावर तपकिरी चीज कापत बसलेला असायचा! ना खरवडणं, ना बोटं गोठणं. मी ज्यासाठी हाडं झिजवली, ते हा बसल्या जागी करत होता. मी पडदा जरासा सरकवून बघायचो. यूरुन बसायची, आणि काचेआड तिचे ओठ हलायचे. ‘वा’च म्हणत असणार.

दुकानात मोलफ्रीद गल्ल्यावर असते. तिच्या तोंडाला कडी नाही. एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाली, “काय रे ओडवार, बायको पळवली म्हणे तुझी? आणि तीसुद्धा आवाज न करणाऱ्या गाडीतून!”

“हसा,” मी म्हटलं. “जानेवारी यायचाय अजून.”

“अरे, जानेवारीची वाट बघतोस का बायकोची?”

सगळे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण खरं सांगायचं तर ती बरोबर बोलली होती. मी रोज थर्मामीटर बघत होतो. पारा खाली गेला की बरं वाटायचं. उणे पंचवीसला एम्ब्रेट गेला आणि आला. उणे अठ्ठावीसला गेला आणि आला. माझा थंडीवरचा विश्वास उडायला लागला.

जानेवारीत एका गुरुवारी रेडिओने सांगितलं, उद्या सकाळी उणे चौतीस. संध्याकाळी सातला एम्ब्रेट चर्चच्या गायनमंडळात गेला, दुसऱ्या एका शेजाऱ्याच्या गाडीतून. त्याची गाडी अंगणात उभी, नाकात चार्जरची पिन. पिनेला कुलूप लावायची सोय असते, पण आमच्याकडे लावतो कोण? मी त्याचं फावडं परत करायच्या निमित्ताने गेलो. काचेतून बॅटरीचा आकडा दिसला, एकोणतीस टक्के.

मनात सगळं जुळलं होतं. सकाळी त्याची गाडी थंडगार आणि अर्धपोटी असेल. माझी डिझेल, हिवाळी डिझेल भरलेली, ऊबदार, अंगणात तयार. यूरुन परत दारात येईल आणि म्हणेल, “ओडवार, सोडतोस का रे?” एवढंच मला हवं होतं. एम्ब्रेटचं वाईट व्हावं असंही नव्हतं. बरं, थोडंसं होतं.

मी पिन काढली. पेटीवरचा हिरवा दिवा विझला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला आख्खं गाव खिडक्यांतून बघतंय असं वाटलं. घाईघाईने घरी आलो.

सकाळी मी पाचला उठलो, नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. यूरुन खाली कॉफी पीत होती. तिच्याकडे न बघताच बाहेर गेलो, गाडी सुरू केली, काचा लख्ख केल्या आणि पुन्हा माडीवर येऊन पडद्याआड उभा राहिलो.

एम्ब्रेट बाहेर आला. गाडी काळोखात, काचांवर बर्फाचा जाड थर. तो गाडीकडे गेला नाही, आधी भिंतीकडे गेला. तिथे चार्जरच्या पेटीखालच्या खुंटीजवळ बराच वेळ उभा राहिला. मग यूरुन आली, तीही तिथेच बघत उभी राहिली. दोघं काहीतरी दोन शब्द बोलले. मग त्याने खरवडणी काढली आणि काच खरवडायला लागला. दुसऱ्या बाजूने यूरुन लागली. माझी गाडी वीस पावलांवर धूर सोडत उभी होती. तिने मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

आणि ते गेले. उणे चौतीसमध्ये, एकोणतीस टक्क्यांवर, हीटर न लावता. हीटर लावला तर निम्म्या वाटेवरच्या, चार्जर असलेल्या पेट्रोल पंपापर्यंतही पोचायचे नाहीत, हे त्याला कळत होतं तसं मलाही.

दहा मिनिटं मी चडफडलो. मग भीती वाटायला लागली. मधल्या माळावर फोन लागत नाही. तिथे गाडी थांबली, तर तासाभरात माणसाचं काय होतं ते आम्हाला कुणी सांगायला नको. मेणबत्त्या आहेत, घोंगडी आहे, असं मी स्वतःला सांगितलं. मग ती दोघं एकाच घोंगडीत, हेही डोळ्यांसमोर आलं. भीती आणि जळफळाट यांतलं कोण गाडी चालवत होतं ते सांगता येणार नाही, पण मी शंभरने सुटलो.

माळावर कुणी नव्हतं. पेट्रोल पंपावर एम्ब्रेटची गाडी चार्जरला लावलेली दिसली तेव्हा मी देवाचे आभार मानले. थंडीने आखडलेली बॅटरी वीज घेता घेत नाही, तिला तास-दीड तास तरी लागणार होता. आत खिडकीशी दोघं बसली होती. पुढ्यात वॅफल, कॉफी. यूरुनच्या डोक्यावर एम्ब्रेटची केसाळ टोपी. तो हातवारे करून काहीतरी सांगत होता. एम्ब्रेट, जो दिवसाला चार वाक्यं बोलतो! आणि यूरुन हसत होती. टेबलावर डोकं टेकून, डोळे पुसत हसत होती. तिला असं हसताना मी शेवटचं कधी बघितलं होतं, ते मला आठवेना.

करायला गेलो काय आणि झालं काय. त्यांना एकत्र वॅफल खायला दीड तास मीच काढून दिला होता. मी गाडीतून उतरलोच नाही. तसाच वळलो आणि घरी आलो.

संध्याकाळी यूरुन आली. मासे आणि बटाटे उकडून ठेवले होते, ते आम्ही खाल्ले.

“आज उशीर झाला मला,” ती म्हणाली. “एकतीस वर्षांत पहिल्यांदा. चौदा माणसं उपाशी बसली होती. एक म्हातारी चक्कर येऊन पडली.”

“का उशीर झाला?”

“एम्ब्रेट म्हणाला, ‘मी पिन लावायला विसरलो.’”

“असेल विसरला.”

“हो. मीपण त्याला म्हटलं, ‘असशील विसरला.’” तिने काटा खाली ठेवला. “ओडवार, जो माणूस विसरतो, त्याची वायर बर्फात पडलेली असते. ही वायर खुंटीला टांगलेली होती. एक वेढा वरून, एक वेढा खालून. शेवटाला गाठ, आणि पिनेला टोपण! ह्या खोऱ्यात अशी वायर एकच माणूस गुंडाळतो.”

मला आठवतही नव्हतं. काम संपलं की वायर गुंडाळायची, बर्फात टाकायची नाही, हे हातांना इतक्या वर्षांचं वळण. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही.

“मी काढली,” मी म्हटलं. “मला वाटलं, तू माझ्या गाडीत बसशील.”

“ते कळलं. काचा चांगल्या लख्ख केल्या होत्यास.”

“आणि त्याच्याबरोबर हसत काय होतीस एवढं? डोकं टेकून?” बोलून गेलो आणि जीभ चावली.

“तू आला होतास तिथे?”

“हो.”

“मग आत का नाही आलास?”

“तुम्ही हसत होता.”

“तुझ्यावरच हसत होतो, वेड्या! एम्ब्रेट करून दाखवत होता, तू अंधारात चोरी करतोस आणि मग टोपण शोधतोस ते. म्हणाला, ‘चोर असावा तर असा.’” तिच्या ओठांवर ते हसू पुन्हा आलं आणि गेलं. “त्याने कुणालाही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. उद्या जाऊन त्याच्याशी बोल.”

हेही आता त्याच्याकडूनच घ्यायचं. गावात तोंड दाखवायची सोय, तीसुद्धा एम्ब्रेटकडून! मला त्याचा त्या क्षणी जितका हेवा वाटला, तितका त्याच्या गरम गाडीचा कधी वाटला नव्हता. मी असा वागू शकलो नसतो. मी मोलफ्रीदपर्यंत धावत गेलो असतो.

“उद्यापासून तू माझ्याबरोबर येणार?” मी विचारलं.

“नाही. त्याची गाडी बरी आहे. उतारावर तर आवाजच नाही, झोप लागते मला.” तिने ताटल्या उचलल्या, पण उठली नाही. “गाडीचं जाऊ दे. नोव्हेंबरपासून मी एकटी कॉफी पिते, ओडवार. आधी तू बर्फ खरवडून आत यायचास, हात कपावर धरायचास, आणि आपण दहा मिनिटं बसायचो. काही बोलायचो नाही बहुतेक. पण बसायचो. आता तू वर जागा असतोस आणि येत नाहीस. मी खालून पडदा हललेला बघते. एकतीस वर्षं मला वाटत होतं, हा माणूस माझ्यासाठी उठतो. तू गाडीसाठी उठायचास का रे?”

‘नाही’ म्हणायला माझ्याकडे पुरावा नव्हता. आज पहाटे उठलो तोही गाडीसाठीच, आणि तिच्या समोरून, तिच्या कॉफीच्या समोरून न बघता गेलो होतो.

ती भांडी धुवायला लागली. मी शेल्फावरचं घड्याळ काढलं आणि पाचचा गजर लावला.

तिने पाठमोरी असूनही किल्लीचा आवाज ओळखला.

“उद्या शनिवार आहे, ओडवार,” ती म्हणाली. “मला जायचं नाहीये कुठे.”

“असू दे,” मी म्हटलं.