पाणकोंबडीचे पाय

बेडूकताईंच्या घरात झुरळ निघालं तर आधी ते नीट बघायचं, असा नियम होता. मारायचं की नाही ते नंतर. चप्पल घेऊन धावणारी माझ्यासारखी बाई त्यांना अडाणीच वाटत असणार, पण तसं त्या कधी बोलल्या नाहीत. नुसत्या म्हणायच्या, "थांब गं, चालू दे त्याला जरा."

वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीच्याही पुढे आमची बिल्डिंग होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिथवर यायला रिक्षावाले कुरकुर करायचे. मी लग्न होऊन साताऱ्याहून आलेली, आणि नवरा सकाळी मुंबईला गेला की रात्रीच उगवायचा. समोरच्या दारात या राहायच्या. पन्नाशी उलटलेल्या, लग्न न केलेल्या, एकट्या. खरं नाव सुमतीताई. पण ज्या भिंतीवर लोक देवाची तसबीर लावतात, तिथे यांनी पोट उघडलेल्या बेडकाचा भलामोठा चार्ट टांगला होता. आलेला पाहुणा त्याच्याकडे पाठ करून कसाबसा चहा संपवायचा आणि पुन्हा फिरकायचा नाही. बिल्डिंगने नाव ठेवलं, ते चिकटलं. मी मात्र जात राहिले. दिवसभर बोलायला मला तरी दुसरं कोण होतं?

तो चार्ट त्यांच्याच हातचा होता. गिरगावात शाळा-कॉलेजांसाठी चार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांची उभी हयात गेली. बेडकाची पचनसंस्था, सशाचं हृदय, झुरळाचे अवयव. पद्धत अशी, की जुना चार्ट समोर ठेवायचा आणि त्यावरून नवा काढायचा. प्राणी कुणी बघत नसे. मग कॉम्प्युटर आले आणि मालकांनी शाल-श्रीफळ देऊन यांना घरी पाठवलं.

घरी बसल्यावर काही दिवसांतच ओट्याखाली एक झुरळ मरून पडलेलं दिसलं. यांनी सहज भिंग लावून पाहिलं, तर मिशा अंगापेक्षा लांब. चार्टात आखूड होत्या. चौकटीत बसाव्यात म्हणून कुणीतरी कधीतरी त्या छाटल्या असणार, आणि पुढच्या सगळ्यांनी, यांनीसुद्धा, तशाच गिरवल्या. मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

"कारखान्यातसुद्धा झुरळं होती गं," त्या म्हणाल्या. "पायाशी फिरायची. मी एकदा वाकून पाहिलं नाही."

तेव्हापासून त्यांनी जिवंत प्राणी काढायला घेतले. सरडा, गोगलगाय, खिडकीच्या गजावरचा चतुर. तीन केसांच्या ब्रशने एकेक रेघ. चतुराच्या एका पंखातल्या जाळीला त्यांना अख्खी सकाळ लागायची, आणि तेवढा वेळ तो बसणार नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा वाट बघायची. नियम एकच, जे दिसलं नाही ते काढायचं नाही. सरड्याची शेपटी कुंडीमागे असेल तर कागद तिथे कोरा राहायचा. पुस्तकात बघून पुरं करा की, असं मी एकदा म्हटलं, तर दोन दिवस बाई माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

आमच्या मागच्या खिडक्या पाणथळीवर उघडायच्या. कमरेएवढं गवत, मध्ये साचलेलं पाणी, आणि त्यात एक पाणकोंबडी. पाठ राखाडी, तोंड आणि छाती पांढरीशुभ्र, सारखी उडणारी आखूड शेपटी. पावसाळ्यात ती अशी काही कोकलायची की माझा नवरा उशी डोक्यावर घ्यायचा. ताईंनी तिचं चित्र काढायला घेतलं ते घेतलंच. पाठीचं पीसन् पीस झालं, चोचीच्या बुडाचा लाल ठिपका झाला, भोवतीचं गवत पातं न् पातं झालं. अडलं ते पायांवर. कधी पाण्यात, कधी गवतात, पाय म्हणून दिसेनात. बिनपायांची ती कोंबडी बोर्डावर तशीच टाचलेली राहिली.

गवत कापायला गावातली एक म्हातारी यायची. ताईंनी तिला खिडकीतून विचारलं, की पाणकोंबडीचे पाय कधी बघायला मिळतील.

"ती कशाला दाखवील तुला?" म्हातारी म्हणाली. "लाजते ती."

ताईंकडे फोन नव्हता. नागपूरच्या भावाचा फोन रविवारी आमच्याकडे यायचा. बीपी आहे, रात्री-बेरात्री पडलीस तर कोण बघणार, इकडे ये, असं त्याचं दर वेळी. माणूस काळजीने बोलायचा, खोटं कशाला सांगू? ताई रिसीव्हर कानाला लावून ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "पाय दिसले की येते." रिसीव्हर परत माझ्या हातात यायचा. मग तो मला वेगळं विचारायचा, ताई बरी आहे ना? मी हो म्हणायचे. मला मनातून ते पाय कधी दिसूच नयेत असं वाटायचं. त्या गेल्या असत्या तर माझ्या दुपारी खायला उठल्या असत्या.

मग एका उन्हाळ्यात मुरमाचे ट्रक आले. भराव टाकायचं काम सलग चाललं. खिडकी लावली तरी ताटात धूळ यायची. गवत गेलं, पाणी गेलं, म्हातारी यायची बंद झाली. ताई खिडकीतून हलल्या नाहीत. मी जेवायचं ताट नेऊन द्यायचे आणि तसंच उचलून आणायचे.

शेवटच्या ट्रकनंतरच्या सकाळी त्यांनी मला हाक मारली. खाली लाल मुरमाचं सपाट मैदान झालं होतं, आणि त्याच्या मधोमध ती पाणकोंबडी उभी होती. लपायला काडी उरली नव्हती. पाय सगळेच्या सगळे दिसत होते. पिवळसर, उंच, आणि बोटं एवढी लांब की त्या कोरड्या जमिनीवर त्यांचं काय करावं हे तिला कळत नसावं. ती दोन पावलं टाकायची आणि थांबायची. ताई बोर्ड मांडीवर घेऊन बसल्या. काढता काढता डोळे सारखे पदराने पुसत होत्या. ऊन चढलं तसा पक्षी उडून गेला. पुन्हा तो आम्हाला दिसला नाही.

चित्र पुरं झालं. वर हिरवंगार गवत आणि खाली, पायांशी, लाल मुरूम. ट्रकच्या चाकाची नक्षीसुद्धा काढली होती त्यांनी. मला बघवेना. म्हटलं, ताई, खाली पाणीच काढा ना, कुणाला कळणार आहे?

"मला कळेल," त्या म्हणाल्या. मग ब्रश धुतला, पुसला, आणि म्हणाल्या, "नागपूरला फोन लाव. येते म्हणावं."

मी लावला. भावाला केवढा आनंद झाला! आठवड्याभरात टेम्पो दारात उभा होता. कपाट, गादी, बोर्ड, गुंडाळलेला बेडूक, सगळं चढलं. मी उगाचच कळशीला, पिशवीला हात लावत होते. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, तिकडे काय काढाल?

त्यांनी गुंडाळलेला बेडूक टेम्पोत नीट आत सरकवला.

"भावाचं घर सहाव्या मजल्यावर आहे," त्या म्हणाल्या. "कबुतरं येतील. ती कुठेही राहतात."

टेम्पो गेल्यावर मी वर आले, आणि समोरच्या बंद दाराला टेकून, नवरा येईपर्यंत पायरीवर बसून राहिले.