दत्तूनं सोडला

ही गोष्ट आमच्या गल्लीत तुम्हाला कुणीही सांगेल, आणि माझ्यापेक्षा रंगवून सांगेल. म्हणून म्हटलं, दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या, बिस्कीट बुडवा, आणि हसायचंच असेल तर शेवटी एकदाच हसा. मधे मधे हसलात की मी दचकते.

दचकणं हा माझा मूळ स्वभाव आहे. कुकर मीच लावलेला असतो, शिट्टी होणार हेही मला माहीत असतं, तरी शिट्टी झाली की हातातलं उलथणं खाली. एम.कॉम. झालेय मी. कुठल्याही दुकानाचा ताळेबंद जुळवून देईन. पण मागून कुणी नुसतं "काय गं" म्हटलं, की माझा स्वतःचा ताळेबंद तिथंच विस्कटतो.

अशा मुलीनं भारत-पाकिस्तान सामना बघावा का? नाहीच बघू. पण त्या दिवशी सगळं लातूर बघत होतं, मग मी काय भिंतीकडे बघत बसू?

आता घरातली परिस्थिती समजून घ्या. दुसऱ्या दिवशी वहिनीचं डोहाळजेवण होतं. रेणापूरची आत्या, मुरुडची मावशी, त्यांच्या सुना, शेजारणी, असा मोठा बायकांचा मेळा जमणार होता. वहिनीची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, आदल्या दिवशीच नांदेडहून आलेल्या. आणि आमच्या हौदाचा तळ दिसत होता.

तुम्ही लातूरचे नसाल तर सांगते. आमच्याकडे नळ रोज येत नाही. आठ-दहा दिवसांतून एकदा येतो. गल्लीच्या तोंडाशी जमिनीत एक व्हॉल्व्ह आहे. पाण्याच्या खात्याचा माणूस येतो, तो फिरवतो, आणि मग गल्लीत पहिली आरोळी उठते, "नळ सुटला!" त्या माणसाचं नाव काय, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. हे तेवढं ध्यानात ठेवा.

आमचं घर गल्लीच्या चढावर, अगदी शेवटी. मोटर लावल्याशिवाय आमच्या नळातून नुसती हवा येते, फुस्स. (नळाला मोटर लावू नये असा नियम आहे. तो आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ आहे.) त्या दिवशी पाणी येण्याची पाळी होती. ते चुकलं तर पुढचा आठवडा कोरडा, आणि उद्या हात धुवायला आलेल्या बायकांना काय सांगायचं?

त्यात विहीणबाईंनी आल्या आल्या सुरुवात केलेली. पेलाभर पाणी पिऊन त्या आईला म्हणाल्या, "आमच्या नांदेडला काय बाई, गोदावरी हाय. तुमच्याकडं लई जपून वापरावं लागत असंल, न्हाई?"

आई गोड हसली. आई असं हसते तेव्हा आम्ही दोघं भावंडं गुपचूप जागा बदलतो.

"तसं काई न्हाई विहीणबाई," आई म्हणाली. "उद्या बघा तुम्ही, अंगणात सडासुद्धा टाकणार हाय."

आली का पंचाईत? बाहेर भारत-पाकिस्तान, घरात लातूर-नांदेड.

दुपारी सामना सुरू झाला. संध्याकाळपर्यंत आपली फलंदाजी घसरत घसरत शेवटच्या चौघांवर आली. धावा थोड्याच हव्या होत्या, पण गडीच उरले नव्हते. पुढच्या खोलीत पप्पा, दादा, वहिनी, विहीणबाई, सगळे श्वास रोखून बसलेले. मी दारातून डोकावले. आमचा एक फलंदाज बाद. मी दचकून मागं गेले. चार चौकार बसले असतील. परत डोकावले. दुसरा बाद.

दादानं माझ्याकडं असं बघितलं, जणू चेंडू मीच टाकला होता.

"पिंके, तू मागं जा."

"मी काय केलं?"

"तू बघून राहिलीस, हेच केलंस. मागच्या अंगणात जा, मोटरपाशी थांब. नळ सुटला की बटण दाब. अन् दार लावून घे."

"मला स्कोअर कसा कळणार?"

"गल्ली ओरडंल की. कान हायत ना?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि नीट ऐक गं. आज नळ चुकला तर माझं नाक गोदावरीत बुडालं म्हणून समज."

तर अशी मी मागच्या अंगणात, मोटरच्या बटणावर बोट ठेवून उभी. पुढं टीव्हीचा आवाज, पण शब्द कळत नाहीत. मनातल्या मनात मी लातूरचे, नांदेडचे, वाटेवरचे सगळे देव बोलावलेले. तेवढ्यात गल्लीच्या खालच्या टोकाकडून आरोळी उठली.

"सुटला! सुटला रे, सुटला!"

माझ्या काळजाचं पाणी झालं. आनंदानं. कारण उघड होतं, पाकिस्तानच्या कुणीतरी आपल्या फलंदाजाचा कॅच सोडला होता. दुसरं काय सुटणार? सगळी गल्ली हसते आहे, पळते आहे, बादल्या वाजवते आहे. मला वाटलं, वा, लोकांचा उत्साह बघा, बादल्या वाजवून राहिलेत.

तुम्ही हसलात. सांगितलं होतं मी.

शेजारच्या गायकवाडकाकू भिंतीपलीकडं लगबगीनं काहीतरी करत होत्या. मी टाचा उंचावून विचारलं, "काकू, सुटला ना?"

"सुटला की! तुमच्याकडं न्हाई का?"

"आमच्याकडं दार लावलंय हो. मला कुणी बघू देत न्हाई."

"आत्ता गं बाई. सुटला तर सुटला, त्यात बघू न द्यायला काय झालं?"

"मी बघितलं की जातो."

काकूंनी माझ्याकडे निरखून बघितलं. मग म्हणाल्या, "असंल बाई. एकेकाची नजर असते."

"पण काकू, सोडला कुणी?"

"दत्तूनं. दुसरं कोण सोडणार?"

आता मला सांगा, पाकिस्तानच्या संघात दत्तू कोण? मी डोकं खाजवलं. पण आपलं अज्ञान असं भिंतीवरून दाखवणं बरं नव्हे. काकू सगळ्यांनाच टोपणनावं ठेवतात, माझ्या दादाला त्या बंब म्हणतात. असेल एखादा तिकडचा दत्तू.

"देव भलं करो त्या दत्तूचं," मी म्हटलं.

"देव कशाला, मीच करते की. दर दिवाळीला त्याच्या बायकोला साडी देते म्या. उगाच सोडतो का तो, आपल्या टायमाला?"

मी दचकले. साधं नाही, मुळापासून. म्हणजे सामना आधीच ठरलेला? तोही आमच्या गल्लीतून? साडीवर?

"काकू," मी आवाज खाली आणला, "हे कुणाला माहीत हाय का?"

"समद्या गल्लीला माहीत हाय. तुझी आई पण देते की, फराळाचा डबा."

आई! चकल्या देऊन! मला भिंतीचा आधार घ्यावा लागला. लहानपणापासून जे जे सामने आपण जिंकलो, ते सगळे माझ्या डोळ्यांपुढून चकल्यांसकट गेले.

"किती वेळ टिकंल हो?" मी कसंबसं विचारलं.

"अर्धा तास टिकला तरी देवाचे उपकार. मागच्या खेपेला दहा मिनिटांत गेला होता मेला. आता तू बोलत नको बसू, जागेवर थांब."

जागेवर थांब. हे मात्र मला पटलं. क्रिकेटचा कायदाच आहे तो. ज्या अवस्थेत आपलं चांगलं झालं, ती अवस्था मोडायची नाही. कॅच सुटला तेव्हा माझं बोट बटणावर होतं, पण दाबलेलं नव्हतं. म्हणजे आता ते तसंच राहणार. नळातून फुस्स झालं. मला वाटलं साप. घाम फुटला, पण देशासाठी मी हलले नाही.

तुम्हाला सांगते, पाणी गल्लीभर धो धो वाहत होतं, आणि ते भरायला नेमलेली मुलगी बटणावर बोट ठेवून डोळे मिटून उभी होती.

बऱ्याच वेळानं काकूंचा आवाज आला. "गेला गं बाई, गेला."

संपलं. शेवटचा गडीही गेला. मी रडत रडत दार ढकललं आणि पुढच्या खोलीत शिरले.

"गेला ना? एवढा दत्तूनं सोडलेला, तरी गेला ना?"

दादा किंचाळला, "बघू नको, तिकडं तोंड कर! कोण गेला? दोघं बी खेळून राहिलेत अजून."

"मग सुटला कोण?"

विहीणबाईंनी पदर सावरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "नळ असंल."

आई दारात येऊन उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं माझ्या कोरड्या हातांकडे बघितलं. मग विहीणबाईंकडे. मग जमिनीकडे. "उद्या बायकांना काय पाजू मी?" एवढंच म्हणाली. आणि तेव्हा मला सामन्याचंसुद्धा काही वाटेना, इतकं वाईट वाटलं.

पप्पांनी फोन लावला. "दत्तू, अरे आमच्याकडं आलंच न्हाई बघ. उद्या सुनबाईचं डोहाळजेवण हाय."

तर तो हा दत्तू. व्हॉल्व्ह सोडणारा. चकल्या त्याच्या होत्या.

दत्तू म्हणाला, "हाव की मालक, सोडतो परत थोडं. पण जरा मॅच बघून राहिलोय. सोडला की गल्ली ओरडंलच."

आई मला म्हणाली, "जा. आता तरी ऐक."

मी गेले. या वेळी शपथ घेऊन गेले. आता कानावर 'सुटला' पडायचा अवकाश, दुसरा कुठलाही विचार करायचा नाही. कॅच नाही, दत्तू नाही, साडी नाही. सुटला म्हणजे नळ, नळ म्हणजे बटण.

फार वेळ जावा लागला नाही. सगळी गल्ली एकदम फुटली.

"सुटला! अरे सुटला, सुटला!"

मी बटण दाबलं. असं दाबलं की जन्मात कुठलं काम एवढं वेळेवर केलं नसेल.

मोटर गुरगुरली. ती सुरुवातीला गुरगुरतेच. मग कण्हायला लागली. मला वाटलं, जोर लावून ओढतेय बिचारी, आणि मी तिला धीर दिला, "ओढ गं, ओढ, उद्या पाहुण्या हायत." मग जळका वास आला. मग 'फट्' झालं, ठिणगी उडाली, आणि सबंध घराचे दिवे गेले.

दिव्यांबरोबर टीव्ही गेला. शेवटचा चेंडू होता. गोलंदाज धावत निघालेला होता, असं दादा अजून सांगतो. तो पुढं कुठंवर धावला, ते आमच्या घरानं बघितलं नाही.

आतून दादाचा आवाज आला, "पिंकेऽऽ!" त्या आवाजाला मी दचकले नाही. कधी कधी माणूस दचकण्याच्याही पलीकडे जातो.

आणि मग बाहेर फटाके. ढोल. आपण जिंकलो होतो. दुसऱ्यांदा सुटला होता तो कॅच होता, खराखुरा, सीमारेषेवरचा. अख्ख्या देशानं तो बघितला. मी त्यावर मोटर जाळली.

दत्तूनं मात्र शब्द पाळला. सामना जिंकल्याच्या आनंदात त्यानं व्हॉल्व्ह असा फिरवला की काकूंच्या नळाला कारंजं उडालं. आमची मोटर गेलेली, वीज गेलेली. काकूंनी त्यांच्या मोटरीची नळी भिंतीवरून आमच्या हौदात टाकली. उरलेलं बादल्यांनी. ढोल वाजवणारे ढोल ठेवून रांगेला लागले. रांगेत सगळ्यात पुढं कोण असेल? विहीणबाई. पदर खोचून, दोन्ही हातांत बादल्या.

हौद भरल्यावर त्या आईशेजारी पायरीवर बसल्या, धापा टाकत. म्हणाल्या, "विहीणबाई, आमच्या नांदेडला नुसती तोटी फिरवायची अन् पाणी. असली मजा न्हाई हो."

आई खरंखुरं हसली. दुसऱ्या दिवशी अंगणात सडा पडला.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण डोहाळजेवण बाकी होतं ना.

रेणापूरची आत्या, मुरुडची मावशी, सगळ्यांना गोष्ट माझ्याआधी पोचलेली. वहिनीची ओटी भरून झाल्यावर गायकवाडकाकू माझ्याकडे वळल्या. हातात एक नवाकोरा खण.

"हा तुला गं, पिंके."

"मला कशाला, काकू?"

"दत्तूच्या बायकोला साडी देते, दत्तू नळ सोडतो म्हणून. तू बी सोडलासच की."

बायकांनी खोली डोक्यावर घेतली. गर्दीतून माझ्यापर्यंत यायला काकूंना जागा नव्हती. "झेल गं," म्हणून त्यांनी तो खण माझ्याकडे टाकला. आणि मी? मी दचकले. खण हाताला लागून खाली पडला.

सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या, "सुटला!"

आणि मी धावले. वहिनीचं ताट ओलांडून, विहीणबाईंना बाजूला सारून, दार उघडून थेट मागच्या अंगणात. बटण दाबलं.

मोटर सकाळीच दुरुस्तीला गेली होती.