सूज नाही, गाल आहेत

चौदाव्या वर्षी मला घरात अर्ध्या भाकरीवर ठेवलं होतं. ज्वारी कमी नव्हती, माझे गाल जास्त होते. अंगानं मी किरकोळ, पण तोंड दोन्ही बाजूंनी भरलेलं. आमच्या अनसिंग गावात गल्लीतल्या बायका येता-जाता गालाला चिमटे काढायच्या आणि हसायच्या.

आई मी लहान असतानाच गेली. विधवा आत्यानं मला वाढवलं, आणि माझे गाल उतरवायचं तिनंच मनावर घेतलं. दूध बंद, मीठ बंद. रोज सकाळी आंबेहळद आणि सुंठीचा लेप. झोपताना हनुवटीखालून डोक्यावर घट्ट बांधलेलं फडकं.

"आत्याबाई, जळून राह्यलं वो!"

"जळू दे. लगन जमलं म्हंजे माहे पाय धरशीन."

मला बघायला पाहुणे कारंज्याहून आले. बाहेर जाण्याआधी आत्या कानाशी लागली, "गाल आतून दातात धरून बस. बोलू नोको." मी धरले. तोंडात रक्ताची चव आली. पण मुलाच्या आईनं विचारलं, "काय काय रांधता येते?" उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि गाल होते तिथे आले.

बाई पुढे वाकल्या. "गालगुंड झाले का व पोरीले?"

"व्हय ना," आत्या घाईनं म्हणाली. "कालपासून सूज हाय. उतरन दोन दिवसांत."

मला वाटतं, ती सूज म्हणाली नसती तर मी गप्प राहिले असते.

"सूज नाई," मी म्हणाले. "माहे गाल असेच हायेत. दोन दिवसांनी आल्या तरी असेच दिसतीन."

पाहुणे पोह्यांना हात न लावता उठले. ते गेल्यावर आत्यानं माझ्या मुस्कटात मारली. पण खरंच काही आजार असला तर, या धास्तीनं दुसऱ्या दिवशी छकडा जुंपून वडिलांनी मला आमच्याकडच्या मालेगावच्या वैद्यांकडे नेलं.

वैद्यबुवांनी कानाखाली, जबड्याखाली बोटं दाबून पाहिली. नडगीवर अंगठा दाबून खळगा पडतो का ते पाहिलं. दुखते का, ताप येते का, सकाळी जास्त फुगते का? सगळ्याला माझं नाहीच. दूध-मीठ बंद असल्याचं आणि लेपाचं मात्र मी सांगून टाकलं. मग ते वडिलांकडे वळले.

"भाऊ, तुमच्या या दाढीखाली काय हाय?"

वडील ओशाळले. "माहे बी असेच हायेत."

"मंग पोरीले मीठ कायले बंद केलं? लेपानं कातडं जाईन, गाल नाई जात. वय वाढलं का थोडे उतरतीन, नाई त नाई. पोटभर खाऊ घाला. उपाशी ठेवसान त खरंच आजारी पडन."

दुसऱ्या सकाळी आत्या पुन्हा लेप कालवायला बसली. मी वाटी उचलली आणि उकिरड्यावर पालथी केली.

"उद्या पुन्हा कालवीन," ती म्हणाली.

"मी पुन्हा फेकीन."

आठ दिवस हेच चाललं. नवव्या दिवशी तिनं वाटी घेतली नाही, पण माझ्याशी बोलणंही सोडलं. वडिलांनी भाकरी माझ्या ताटात स्वतः वाढली. त्यांची बहीण पाहत असताना वाढली, हे मी विसरलेले नाही.

पुढे आणखी तीन ठिकाणांहून नकार आले. एकदाही मी गाल दातात धरले नाहीत. गावात माझं वय मोजलं जाऊ लागलं तरी धरले नाहीत. पाचव्या घरची बाई आली तिला शेताचं काम येतं का एवढंच हवं होतं. मी येतं म्हणाले, आणि तिच्याकडे मान वर करून पाहिलं. तिनंही माझ्याकडे पोटभर पाहिलं. "तोंड भरलेलं हाय," ती म्हणाली, "आमच्या घरी सारेच वाळलेले." जमलं.

लग्नात आत्या जो भेटेल त्याला सांगत होती, "पोरगी म्या सुधरवली म्हून जमलं." मी मुंडावळ्या बांधून तिथेच बसले होते. नवरीनं बोलू नये म्हणतात. मी बोलले.

"तुमी नाई, आत्याबाई. म्या ऐकलं नाई म्हून जमलं."