पीठ उचलायचं नाही

माळव्यातल्या धार गावी कृष्णराव मोहित्यांच्या गिरणीवर दळण टाकायचे, तर आधी बोलणी खायची तयारी लागे. गहू ओलसर असला तरी बोलणी, डब्याला झाकण नसले तरी बोलणी. आणि बाफल्या-बाट्यांसाठी जाडे दळायचे आहे, हे एखाद्याला पट्टा फिरायला लागल्यावर आठवले, तर विचारायलाच नको. "पेले क्या मूं में दही जमा था, भिया?" असे ते गरजत, आणि तेवढ्यात हाताने चाक फिरवून दळण जाडे करूनही टाकत. जवळच्या तिरला गावाकडची माणसे मक्याची पोती घेऊन त्यांच्याकडेच येत, कारण तोंड कडू असले तरी माल चोख होता.

गिरणीवर दिवसभर हिंदी आणि माळवी. घराच्या उंबऱ्याच्या आत मात्र मराठीच, आणि तीही शुद्ध. पूर्वज पवारांच्या पागेत होते, तेव्हाची भाषा आपल्या घरात टिकली आहे, याचा कृष्णरावांना भारी अभिमान. गिरणीवर जो 'आटा', तेच घरात 'पीठ'. सून अल्पना देवासची, शाळा सगळी हिंदीत झालेली. ती "पुस्तक हरवली" म्हणाली, की कृष्णराव हातातला घास थांबवत. "हरवलं! पुस्तक नपुंसकलिंगी, सूनबाई." ती मान खाली घालून "हरवलं" म्हणे. नवऱ्याशी ती हिंदीतच बोले, पण सासऱ्यांच्या पाठीमागे.

एकदा पोत्याला हात घालताना कृष्णरावांच्या कमरेत अशी चमक भरली, की ते तिथेच गुडघ्यावर बसले. उजवा पाय पोटरीपर्यंत बधिर झाला. डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितले, मणक्यातली चकती सरकली आहे. ऑपरेशन नको, पण पोटाचे आणि पाठीचे स्नायू बळकट करा, नाहीतर पुन्हा असेच होईल. अल्पनाची मावसबहीण मेधा देवासला फिजिओथेरपिस्ट आहे. तिने निरोप धाडला, एकदा घेऊन ये.

"देवासपर्यंत बसमध्ये उरलेली हाडं मोडून घेऊ?" कृष्णराव म्हणाले. "तू जातेच आहेस माहेरी. विचारून ये."

अल्पना विचारून आली. मेधाने हिंदीत सांगितलेले तिने बसमध्ये मनातल्या मनात मराठीत घोळवले आणि सासऱ्यांसमोर उभे राहून एका दमात म्हणून टाकले.

"मामंजी, चटईवर सरळ झोपायचं, गुडघे वर मोडून. मान टेकलेली ठेवायची. श्वास सोडताना पोट हळूच आत आवळायचं. श्वास कोंडायचा नाही. मग एक टाच पुढे सरकवायची, परत आणायची, मग दुसरी. आणि मेधाने सगळ्यात जास्त हे सांगितलंय, की पीठ अजिबात उचलायची नाही."

"उचलायचं!" कृष्णराव कडाडले. "पीठ नपुंसकलिंगी! जन्म पिठात गेला माझा. मला पिठाचं लिंग शिकवतेस?"

"बरं. उचलायचं नाही," अल्पना म्हणाली आणि आत गेली.

कृष्णरावांचे डोके फिरले. ती कालची पोर देवासला बसून आपल्याला पीठ उचलू नका म्हणते? मग गिरणीवाल्याने काय उचलायचे, हरिपाठ? पण पोटरीला चिमटा घेतला तरी कळत नव्हते, आणि त्याची भीती रागाहून मोठी होती. त्यांनी शटर ओढले आणि जिच्या तोंडून निरोप आला त्या सुनेशी अबोला धरला.

मुलगा अर्पित पीथमपूरच्या कारखान्यात नोकरीला. वडिलांची पांढरी धूळ त्याला लहानपणापासून नकोशी. तो लगेच म्हणाला, "आबा, उचलायचंच बंद केलंय तर गिरणी कशाला ठेवायची? मोबाइलच्या दुकानवाला जागा मागतोय."

"मी बरा झालो तर?"

"झालात तर बघू. नाही झालात, तर तो येऊन माप घेईल."

मग कृष्णरावांनी बरे व्हायचेच असे ठरवले. बंद शटरच्या आड, सकाळी कुणी उठायच्या आत, ते गिरणीतल्या फळीवर आडवे होत. पडल्यापडल्या पोट आवळायचे आणि टाच सरकवायची, हा बाळंतिणीचा व्यायाम त्यांना पटला नव्हता. तरुणपणी ते तालमीत जात. पोटाचा व्यायाम म्हणजे पाय अडकवायचे, हात मानेमागे बांधायचे आणि उठून गुडघ्याला कपाळ लावायचे. वजनकाट्याखाली पाय घालून त्यांनी तेच सुरू केले. पीठ उचलायला बंदी होती, ती त्यांनी प्रामाणिकपणे पाळली. दाणासुद्धा उचलला नाही.

पाय आणखी बधिर झाला. वर मानही अवघडली. डावीकडे पाहायचे तर सगळे अंग वळवावे लागे. आणि त्याच आठवड्यात अर्पितने सांगितले, मोबाइलवाला रविवारी येतोय.

"चल देवासला," कृष्णराव अल्पनाला म्हणाले. अबोल्यानंतरचा तो पहिला शब्द. "तुझ्या त्या बहिणीचं तोंड बघायचंय मला."

मेधाच्या खोलीत शिरता शिरताच त्यांनी सुरुवात केली. "तू म्हणालीस उचलू नका, मी गिरणी बंद केली. तू म्हणालीस पोटाचा व्यायाम करा, मी न चुकता केला. कंबर बरी झाली नाहीच, वर मान गेली! कुठे शिकलीस हे?"

"करून दाखवा, काका," मेधा म्हणाली.

ते खाटेवर आडवे झाले, हात मानेमागे नेले आणि दात खाऊन अर्धे उठले.

"अरे रुको, रुको! काका, पीठ क्यों उठा रहे हो? अल्पना, मैंने मना किया था ना? साफ बोला था, पीठ नहीं उठानी!"

कृष्णराव तसेच अर्धवट अवघडून राहिले. "काय उठवायचं नाही?"

मेधाने स्वतःच्या पाठीवर थाप मारली. "पीठ, काका. ये."

अल्पना बोलली, आणि तिचा आवाज सासऱ्यांनी कधी ऐकला नव्हता इतका चढला.

"मी 'उचलायची' म्हटलं होतं! तुम्ही त्याचं 'उचलायचं' केलंत!"

"मग पाठ म्हणायचं होतं! पाठ म्हणता येत नाही?"

"नाही सुचलं! तुमच्यासमोर तोंड उघडायचं म्हणजे परीक्षा असते माझी. तुम्ही शब्द तपासता, मामंजी, म्हणणं ऐकत नाही. एकदा तरी विचारलंत, कसली पीठ? आणि अबोला माझ्याशी!"

कृष्णरावांची कानशिले तापली होती. पण रागवायचे कुणावर, हे प्रथमच कळेना.

मेधाने त्यांना आडवे केले, गुडघे मोडले, डोके टेकवले आणि पोटावर हात ठेवला. "श्वास सोडा. आता आत. पाठ हलली नाही पाहिजे. कळ पायात उतरली तर थांबायचं." एक टाच हातभर सरकवताना त्यांचे पोट थरथरू लागले. तालमीतला गडी बाळंतिणीच्या व्यायामाने घामाघूम झाला.

"गिरणी?" त्यांनी हळू विचारले.

"चालवा ना, उभ्यानं, मधूनमधून बसून. पण पोतं आत्ता नाही उचलायचं. हे आता मी खरंच सांगते."

रविवारी मोबाइलवाला टेप घेऊन आला, तेव्हा शटर उघडे होते. दारात तिरल्याचा माणूस मक्याचे पोते घेऊन ताटकळला होता. कृष्णराव चाकाजवळ ताठ उभे होते.

"बोरा खुद चढा," त्यांनी त्याला सांगितले.

"काका, पिसाई का पैसा बी दूं ने बोरो बी ऊंचो करूं?"

"नहीं तो रस्ता नाप!"

अर्पित धावत आला. "आबा, गिऱ्हाईक तुटेल अशानं. आणि या माणसाला मी काय सांगू?"

"सांग, मी उभा आहे अजून. त्याला माप घ्यायचं तर तुझ्या खोलीचं घेऊ दे."

अर्पित लाल झाला. तोही त्यांचाच मुलगा होता. तो ओरडून काहीतरी म्हणाला, पण कृष्णरावांनी बटण दाबले होते आणि पट्टा फिरू लागला होता. त्या घरघरीत कुणाचेच कुणाला ऐकू येईना. मोबाइलवाल्याने टेप खिशात घातली. तिरल्याचा माणूस शिव्या पुटपुटत वाकला आणि त्याने आपले पोते आपणच खांद्यावर घेतले.