चुकलेल्या सालातली गाणी

अमेरिकेत, फ्रीमाँटमध्ये, मालिनीताई रिसबुडांना कुणी विचारलं, पुण्यात काय करायचात, तर त्या "शिकवायचे" एवढंच सांगत. काय शिकवायचात हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असे, आणि त्या प्रश्नाचा त्यांना मनस्वी कंटाळा आला होता. आयुष्यभर जपानी शिकवलेल्या बाईला लोक विचारणारच, की मग जपानला किती वेळा गेलात. उत्तर होतं, एकदाही नाही.

गेल्या असत्या. ब्याऐंशी साली तोक्योच्या शिष्यवृत्तीसाठी त्यांची निवड झाली होती. पासपोर्ट हातात आला होता, आईने दोन स्वेटर विणून ठेवले होते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि नेमका तेव्हाच सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. "जाऊ नकोस" असं कुणीही म्हणालं नाही. आपल्याकडे चांगल्या घरांत असं म्हणायची पद्धतच नाही. सासूबाई नुसत्या भिंतीला टेकून बसून राहिल्या, नवरा हळूच म्हणाला, पुढच्या वर्षी जा ना, आणि मालिनीताईंनी स्वेटर ट्रंकेत टाकले. पुढच्या वर्षी मिहीर पोटात होता. त्यानंतर त्या विषयाचं नाव कुणी काढलं नाही, आणि काढलं नाही म्हणून सगळ्यांना वाटलं की हिला त्याचं काही नाही.

मग त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं जपानला जाऊ लागली. निघण्याआधी पेढे घेऊन येत आणि विचारत, "सेन्सेई, तुमच्यासाठी काय आणू?" जपानीत गुरुजींना, बाईंना सेन्सेई म्हणतात. सेन्सेई सांगत, गाणी आण. कुणी पंखे आणले, कुणी बाहुल्या, पण कॅसेट आणणाऱ्यांवर बाईंचा खास जीव. दर शनिवारी वर्गात एक गाणं लागे. पावसात ओल्या रस्त्यावर दिवे सांडलेत, एकटी मुलगी भरधाव गाडी हाकते आहे, रिकाम्या खोलीत फोन वाजतो आहे. ब्याऐंशी-त्र्याऐंशीचं ते तोक्यो मालिनीताईंना असं पाठ झालं, की कुठल्या उन्हाळ्यात तिथल्या दुकानांतून कुठलं गाणं वाजत होतं ते त्या सांगायच्या. ऐकणाऱ्याला वाटे, बाई राहून आल्यात.

नवरा गेल्यावर मिहीरने त्यांना फ्रीमाँटला आणलं. मुलगा चांगला, सून दीपाही चांगली, टाउनहाउसमध्ये त्यांना वेगळी खोली. नात केया प्रेमळ होती, पण आजीच्या मराठीला उत्तर इंग्रजीतच देई. सकाळी दोघं ऑफिसला ड्राइव्ह करत निघाले, नात शाळेत गेली, की घरात फ्रिजचा आवाज तेवढा उरे. मालिनीताई कंटाळून जवळच्या ‘लेक एलिझाबेथ’ नावाच्या तळ्याकाठी चालायला जाऊ लागल्या.

तिथेच एका सकाळी बाकावर बसलेली एक म्हातारी बाई एका हंसाला जपानीत रागावताना त्यांना दिसली. रागावत होती तीही अगदी शुद्ध, सभ्य जपानीत. मालिनीताईंचे पाय जागच्या जागी थांबले. त्या पुढे गेल्या, कमरेतून वाकल्या आणि म्हणाल्या, "हाजिमेमाश्ते." प्रथमच भेटतो आहोत, असा त्याचा अर्थ. त्यांच्या वर्गातला पहिला धडा, पहिलं वाक्य. किती मुलांच्या तोंडून त्यांनी ते घोकून घेतलं होतं. पुण्यात आलेल्या जपानी साहेबांना त्या स्वतःही म्हणाल्या होत्या, पण ती माणसं घड्याळाकडे बघत उत्तर देत. ही बाई मात्र हातातली काठी बाकाला टेकवून उठली, त्यांच्याहूनही खाली वाकली, आणि वर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

या हिराता-सान. सान हे आपल्या ताई-बाईसारखं. दक्षिण जपानातल्या कुमामोतोजवळच्या एका गावातून त्या एकसष्ट साली लग्न होऊन कॅलिफोर्नियात आल्या. नवरा इथेच जन्मलेला, त्याचं कार्नेशनच्या फुलांचं काचघर होतं. पहाटेपासून फुलं खुडायची, जुड्या बांधायच्या, यात त्यांचं आयुष्य गेलं. माहेरी गेल्या त्या एकदाच, वडील वारले तेव्हा. मुलगी कॅरल हिला शाळेत अडचण नको म्हणून घरात इंग्रजीच बोलले, त्यामुळे तिला जपानी येत नाही. मालिनीताईंना हे सगळं ओळखीचं वाटे. दोघी रोज त्या बाकावर बसत. एकीला जपानी बोलायला माणूस मिळालं आणि दुसरीला जपान. इतकी जिवाभावाची मैत्रीण मालिनीताईंना साठी उलटल्यावर मिळाली, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटे.

मग हिराता-सान विसरू लागल्या. आधी किल्ल्या, मग रस्ता, मग इंग्रजी. इंग्रजी तर एखादं भाड्याचं घर सोडावं तसं सोडून दिलं. आता त्या फक्त जपानी बोलत, आणि ते त्यांच्या पोटच्या मुलीला कळत नव्हतं. कॅरल एका दुपारी रिसबुडांच्या घरी आली आणि चहाला हातही न लावता बसली. आईला सॅक्रामेंटोच्या केअर होममध्ये ठेवायचं ठरलं होतं, तिच्या स्वतःच्या घराजवळ. तिथे जपानी येणारं कुणी नाही. आई तिथे बोलायचीच बंद होईल, या भीतीने तिला झोप नव्हती. तिथल्या नर्सने सांगितलं होतं, तरुणपणातली गाणी हेडफोनवर ऐकवली तर अशी माणसं कधीकधी खुलतात. कॅरल म्हणाली, मला एकही गाणं माहीत नाही, तुम्ही निवडाल का? तुम्हाला तो काळ माहीत आहे.

तो काळ. मालिनीताईंना इतका हुरूप आला की त्यांनी त्याच संध्याकाळी पुण्याहून आणलेली कॅसेटची ट्रंक उघडली. पुढचे दोन आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. फक्त गाजलेली गाणी नकोत, त्या गाण्यात तो काळ दिसला पाहिजे, असं त्यांनी दीपाला बजावलं. हे गाणं सुंदर आहे, पण कधीही लिहिलं गेलं असतं, म्हणून बाद. या गाण्यातलं सिंथेसायझर ऐक, हातात नवा पैसा आलेलं शहर आहे हे, म्हणून हवं. पावसाचं ठेवू की गाडी हाकणारीचं, यावर रविवारची दुपार गेली. दीपा ऑनलाइन गाणी शोधून एका छोट्या प्लेयरवर घालत होती. एकदा ती हात थांबवून म्हणाली, "आई, तुम्ही वर्गात अशाच असायच्या का? मी मिस केलं यार." मालिनीताई लाजल्या. या घरात पाहुणी म्हणून नाही, सेन्सेई म्हणून पहिल्यांदाच कुणी त्यांच्याकडे बघत होतं.

गाणी तयार झाली. हिराता-सानना त्यांच्याच स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवून मालिनीताईंनी स्वतःच्या हाताने हेडफोन चढवला, आणि दुसरा स्वतः कानाला लावला. पहिलं गाणं सुरू झालं तसा मालिनीताईंच्या अंगावर काटा आला. हिराता-सान मांडीवर हात ठेवून ताठ बसल्या होत्या, देवळात बसावं तशा. एक गाणं झालं, दुसरं झालं. पावसाचं झालं. कॅरल दाराशी श्वास रोखून उभी. शेवटी हिराता-साननी हेडफोन काढला, नीट गुंडाळून टेबलावर ठेवला आणि नम्रपणे म्हणाल्या, "फार छान गाणी आहेत. कुठल्या देशातली?"

कॅरलने विचारलं, काय म्हणाली आई? मालिनीताई म्हणाल्या, आवडली म्हणते. आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडल्या.

कसं लक्षात आलं नाही? बाकावर बसून चार वर्षं जिचं सगळं आयुष्य ऐकलं, तिचं साल आपण विसरलो. एकसष्टला देश सोडलेली बाई ती. तोक्योच्या ओल्या रस्त्यांवर दिवे सांडत होते तेव्हा ती इथे काचघरात कार्नेशनच्या जुड्या बांधत होती, रेडिओवर इंग्रजी नाही तर स्पॅनिश. तिचं जपान कुमामोतोच्या बंदरावर थांबलं होतं. माणूस देश सोडतो तेव्हा त्या सालापुढे देश त्याच्यासाठी चालत नाही, हे मालिनीताईंना तरी कुणी शिकवायला हवं होतं का? त्यांच्या डोक्यातलं पुणंही त्या निघाल्या त्या दिवसाशीच थांबलेलं होतं. आणि ही गाणी? ब्याऐंशी, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी. एकेक गाणं त्या वर्षांचं, जी स्वेटरबरोबर ट्रंकेत गेली. मैत्रिणीच्या नावाने त्यांनी सगळी गाणी स्वतःसाठी निवडली होती. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की दोन दिवस त्या धड जेवल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी कॅरलचा फोन आला. होममधली खोली लवकर रिकामी झाली होती, गुरुवारीच निघायचं होतं. मालिनीताईंनी डोळे पुसले आणि पदर खोचला. पन्नासच्या दशकातली गाणी त्यांच्या एकाही कॅसेटमध्ये नव्हती. कोणती गाजली, कोणती पडली, काही ठाऊक नाही. सेन्सेई पुन्हा पहिल्या धड्यावर आल्या होत्या. त्या दिवसभर इंटरनेटवर खरखरणारी जुनी गाणी ऐकत बसल्या. बंदरावरचा निरोप, गावाकडची आई, सफरचंदांच्या बागा, शहरात कामाला गेलेला भाऊ. हिराता-साननी बाकावर कधी काय सांगितलं ते आठवून आठवून त्यांनी गाणी जमवली. वडिलांची मासेमारीची होडी होती, म्हणून होडीचं. धाकटी बहीण स्टेशनवर पळत आली होती, म्हणून आगगाडीचं. काळ कुणाला कळतोय, निदान ही बाई तरी कळू दे, असं त्या मनाशी म्हणत होत्या.

गुरुवारी कॅरलची गाडी दारात उभी होती. सामान आत गेलं होतं, हिराता-सान पुढच्या सीटवर पट्टा लावून बसल्या होत्या. मालिनीताईंनी खिडकीतून वाकून त्यांना हेडफोन घातला. या वेळी दुसरा स्वतःच्या कानाला लावला नाही, नुसतं तोंडाकडे बघत राहिल्या. होडीचं गाणं लागलं. आधी काहीच नाही. मग म्हातारीचं एक बोट मांडीवर हललं. मग ओठ. आणि मग हिराता-सान गाऊ लागल्या, पातळ, स्वच्छ आवाजात, एकही शब्द न अडखळता, अख्खं गाणं. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या तिथेच होत्या, पण आत कुणी दुसरंच येऊन बसलं होतं, वीस-एकवीस वर्षांची मुलगी. कॅरल स्टिअरिंगवर डोकं टेकून हुंदके देत होती. आईला गाताना तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

जमलं. मालिनीताईंना वाटलं, जमलं, आता ही तिथे मुकी होणार नाही. आनंदाने त्यांनी खिडकीतून हात आत घातला आणि मैत्रिणीचा हात धरला.

हिराता-साननी वळून पाहिलं. त्या हाताकडे, मग साडीकडे, मग चेहऱ्याकडे. त्या गाण्याच्या काळात कॅलिफोर्निया नव्हतं, तळं नव्हतं, बाक नव्हता, आणि पुण्याची कुणी बाईही नव्हती. शोधून शोधून, अगदी बिनचूक निवडून, मालिनीताईंनी मैत्रिणीला जिथे नेऊन पोचवलं होतं तिथे त्यांना स्वतःला जागा नव्हती. हिराता-साननी अदबीने हात सोडवून घेतला, हेडफोन मानेवर उतरवला, आणि बसल्या जागी जमेल तितकं वाकून, नव्या माणसाशी बोलावं तसं म्हणाल्या, "हाजिमेमाश्ते."

मालिनीताईंना तो शब्द काळजात लागला. ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, मी, हंसाला रागावत होतात तेव्हापासूनची. पण इतकी वर्षं त्यांनी मुलांना शिकवलं होतं, की हे वाक्य कुणी म्हटलं की उत्तर द्यायचं, थांबायचं नाही, चेहरा हसरा ठेवायचा. त्या वाकल्या. "हाजिमेमाश्ते. माझं नाव मालिनी. माझ्यावर लोभ असू द्या."

हिराता-सान प्रसन्न हसल्या. परक्या देशातली बाई आपली भाषा इतकी छान बोलते याचं त्यांना फार कौतुक वाटलेलं दिसलं.

"जपानला कधी आलात तुम्ही?" त्यांनी विचारलं.

मालिनीताईंनी खिडकीची कड घट्ट धरली.

"आजच," त्या म्हणाल्या. "आत्ताच पोचले."

"मग दमला असाल. आमच्याकडे उतरा, आई काही म्हणणार नाही," हिराता-सान म्हणाल्या, आणि पुन्हा हेडफोन लावून समोर बघू लागल्या. कॅरलने डोळे पुसून गाडी सुरू केली.